बारा गायागुमांची उतरलेली पट्टी

जबाब देणार: तक यंगरान, वय ५२ वर्षे, धंदा विद्यापीठाच्या संगीत विभागात तासिका तत्त्वावर गायागुम शिकवणे, राहणार जॉन्जू, भाजीबाजारामागील इमारत, तिसरा मजला. घरात एकटी.
जबाब घेणार: निरीक्षक यॉम. दिनांक १६ जून २०२५, सोमवार, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे.

मी आज बोलावल्यावरून ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, मी एकवीस वर्षांपासून वरील विभागात शिकवते. माझी नेमणूक दर वर्षी ऑगस्टअखेर संपते आणि विभागाची मर्जी असेल तर सप्टेंबरात पुन्हा होते. विभागात गायागुमची कायम जागा एकच आहे. ती सहायक प्राध्यापक प्यो सुआ, वय ३८, यांच्याकडे आहे. चार वर्षांपूर्वी त्याच जागेसाठी मीही अर्ज केला होता. विचारले म्हणून सांगितले.

प्यो सुआ माझी विद्यार्थिनी. ती सहा वर्षे माझ्याकडे शिकली आणि मला ताई म्हणत असे. परदेशातून डॉक्टरेट करून आली तेव्हा माझ्यासाठी मनगटाला बांधायचा पट्टा घेऊन आली. तो मी वापरलेला नाही. आता बैठकीत ती मला तक मॅडम म्हणते, मी तिला प्रोफेसर म्हणते. बाहेर पडलो की ती पुन्हा ताई म्हणते. मी मात्र प्रोफेसरच म्हणते.

तिला सरकारी अनुदान मिळाले. विषय, उच्च शिक्षणात वाद्यवादनाचे अध्यापन आणि डिजिटल तंत्रज्ञान. मार्चमध्ये विभागातल्या चोवीस विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. बारा जण माझ्याकडे, नेहमीसारखे समोरासमोर बसून शिकायला. बारा जण तिने तयार केलेल्या प्रोग्रॅमकडे. नोंदीसाठी सांगते की गायागुम या तंतुवाद्याला बारा तारा असतात आणि प्रत्येक तारेखाली एक सरकती लाकडी घोडी असते. घोडी सरकवली की सूर चढतो किंवा उतरतो. सुआने त्या घोड्यांना सेन्सर चिकटवले होते. मूल वाजवते, प्रोग्रॅम ऐकतो आणि त्याच्याकडे साठवलेल्या एका वादकाच्या हाताशी ते किती जुळले त्याचे शंभरपैकी गुण पडद्यावर दाखवतो.

माझ्या गटाला कागदावर ‘नियंत्रित गट’ असे नाव होते. मी विचारले, याचा अर्थ काय. सुआ म्हणाली, “ताई, नुसतं नाव आहे हो. म्हणजे ज्यांच्यावर नवीन काहीच केलेलं नाही ते.” मी म्हणाले, “मग मी चौदा आठवडे काय करायचं, त्यांना चहा पाजायचा?” ती हसली. मी हसले नव्हते.

मो दाइन, वय २१, तिसऱ्या वर्षाची, हिची चिठ्ठी प्रोग्रॅमकडे निघाली. दाइन चौदा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे येते. तिच्या आईचे मासळीचे दुकान आहे आणि पहिली तीन वर्षे मी तिच्याकडून फी घेतलेली नाही. मी सुआला म्हणाले, “हिच्याऐवजी दुसरं कोणीही घे, दोन घे.” ती म्हणाली, “ताई, मग ते संशोधन राहणार नाही.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ३०२ क्रमांकाच्या खोलीवरून जाताना मला आतून एक हेलकावा ऐकू आला. डाव्या हाताने तार दाबून सूर हलवायचा असतो, तो हेलकावा. हा उशिरा सुरू होतो आणि सूर संपता संपता एकदाच खोल जातो. माझ्या गुरू हो ओकबुन यांनी तो मला शिक्षणाच्या नवव्या वर्षी दिला. दाइनला मी आठव्या वर्षी देणार होते. तिचे सातवे चालू आहे. मी दार उघडले. दाइन वाजवत होती आणि पडद्यावर ९३ होते.

मी विचारले, “हा कुठून आणलास?”

“बाई, पडद्यावरच्या हाताकडून. छान आहे ना?”

“त्या हाताला नावगाव काही?”

“आहे ना. वादक अ.”

ती इतकी आनंदात होती की माझ्या तोंडाकडे तिचे लक्षच गेले नाही. मी दार लावून घेतले. त्यानंतर महिनाभर ती माझ्या घरी आली नाही. आधी दर रविवारी येत असे. आईने दिलेली खारवलेली मासळी मात्र न चुकता जिन्यात ठेवून जायची.

१२ मे रोजी जेवणाच्या सुट्टीत ३०२ मध्ये कोणी नव्हते. मी बसले आणि दाइन वाजवत होती तीच रचना त्या प्रोग्रॅमपुढे वाजवली. ७१ गुण आले. पुन्हा वाजवली, ७०. तिसऱ्यांदा ७१. पडद्यावर अक्षरे आली, ‘छान प्रयत्न! डाव्या हाताकडे लक्ष द्या.’ माझ्या डाव्या मनगटावर २०१८ साली शस्त्रक्रिया झालेली आहे. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. शस्त्रक्रियेची नाही, गुणांची.

१० जून रोजी सुआ मला जेवायला घेऊन गेली. बाजारातल्या जुन्या खानावळीत मोडांचा रस्साभात मागवला. ती म्हणाली, “ताई, एक गोष्ट कधीची सांगायची होती. वादक अ म्हणजे तुम्हीच.” २००९ साली, ती विद्यार्थिनी असताना, तिने माझे तीनशेच्या वर तुकडे रेकॉर्ड केले होते. परवानगीच्या कागदावर माझी सही आहे. ती सही माझीच, याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा मला वाटले होते की पोरगी गुणी आहे, घरी जाऊन ऐकत बसेल.

“सबंध देशात मला त्याहून चांगला हात मिळाला नाही, ताई,” असे ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ती खरे बोलत होती. मी रस्साभात संपवला, वाटीतले लोणचेही संपवले. बाईला शेजारणीचा हेवा वाटतो, सवतीचा वाटतो. मला छत्तीस वर्षांच्या तक यंगरानचा हेवा वाटला. तिला मनगट होते, वर आता माझी पोरही तिच्याकडे गेली. यॉम साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हणाले, लिहा.

घटनेबाबत विचारल्यावरून सांगते की, ११ जूनच्या संध्याकाळी सुआने प्रोग्रॅमच्या मदतीने ३०२ मधली बाराही वाद्ये लावून ठेवली आणि ‘सेन्सर हलतील, घोड्यांना कोणीही हात लावायचा नाही’ असे सर्वांना बजावले. खोलीची किल्ली त्या आठवड्यात दाइनकडे होती. १२ जूनला सकाळी १० ते १ परीक्षा झाली. बाहेरगावचे तीन परीक्षक पडद्याआड बसून ऐकत होते. कोण कोणत्या गटातले, ते त्यांना माहीत नव्हते. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आज आवाज जरा जाड येतोय.” सुआ म्हणाली, “हात लावू नकोस, वाजव.” परीक्षक खूश होऊन गेले. सुआ तीन तास त्याच खोलीत होती. तिने सगळे ऐकले आणि तिला काही कळले नाही. हे वाक्य जसेच्या तसे ठेवावे.

दुपारी संगणक उघडला तेव्हा प्रोग्रॅमच्या बाराही मुलांना भोपळा. कोणीतरी सगळ्या तारांचा सूर उतरवून ठेवला होता आणि प्रोग्रॅमला त्याच्या ठरलेल्या पट्टीबाहेरचे काही समजत नाही. चौदा आठवड्यांचे शेवटचे मोजमाप गेले. सत्र संपले आहे, अहवाल ३० जूनला द्यायचा आहे. सुआने १३ जूनला तक्रार दिली.

विभागाने दाइनला चौकशी होईपर्यंत विभागात येण्यास बंदी केली आहे. किल्ली तिच्याकडे होती आणि त्या सकाळी साडेसातला तिला इमारतीत पाहणारे लोक आहेत. २० जूनला राज्याच्या वाद्यवृंदासाठी तिची निवड परीक्षा आहे. विभागाच्या पत्राशिवाय तिला तिथे उभे करणार नाहीत आणि अशी जागा पाच-सहा वर्षांतून एकदा निघते. यॉम साहेबांनी सांगितले की दाइनने तिच्या जबाबात एकच वाक्य सांगितले, ‘मी वाजवायला बसले तेव्हा वाद्य सुरात होतं.’ त्यापुढे ती बोललेली नाही.

दाइनच्या स्वभावाबद्दल विचारले. चांगली आहे, आळशी नाही, असे मी सांगितले. त्या सकाळी मी कुठे होते, असे विचारले. घरी होते, असे सांगितले.

त्यानंतर यॉम साहेबांनी मला सुआचा पुरवणी अहवाल वाचून दाखवला. त्यात असे आहे की बाराही वाद्यांच्या सर्व १४४ तारा एकाच मापाने उतरवल्या असून वाद्यावाद्यांमधला फरक माणसाच्या कानाला कळणार नाही इतका कमी आहे; यंत्र हाताशी नसताना इतके नेमके काम करू शकेल असा कान विभागात एकच आहे, मो दाइनचा, आणि तो चौदा आठवडे आमच्या प्रोग्रॅमवर तयार झालेला आहे.

मी पाणी मागितले. यॉम साहेब म्हणाले, “बाई, बरं वाटत नाहीये का?”

मी म्हणाले, “शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.” त्यांनी वाचले.

मी म्हणाले, “मी घरी होते ते खोडा.” त्यांनी सांगितले की खोडता येत नाही, पुढे दुरुस्ती लिहिता येते. म्हणून पुढील मजकूर दुरुस्ती म्हणून, स्वखुशीने सांगते.

१२ जून रोजी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मी ३०२ मध्ये गेले. माझ्याकडे त्या खोलीची २०११ पासूनची किल्ली आहे, ती कोणी परत मागितली नाही. बाराही वाद्ये बेसूर करून टाकायची, एवढेच मनात होते. पहिल्या वाद्याच्या तिसऱ्या तारेची घोडी बोटभर सरकवली आणि तार छेडली. ती शेजारच्या तारेशी इतकी वाईट भांडत होती की माझ्याने ऐकवेना. म्हणून शेजारची तिच्याशी जुळवली, मग तिच्या शेजारची. बाराही तारा झाल्यावर लक्षात आले की वाद्य माझ्या गुरू होबाईंच्या पट्टीत आले आहे, सुआच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली. होबाईंनी मला त्याच पट्टीत शिकवले आणि मी दाइनला. पण एक वाद्य एका पट्टीत आणि अकरा दुसऱ्या पट्टीत, अशी खोली सोडून मला निघता येईना. म्हणून उरलेली अकराही लावली. सेन्सर एकही सुटू दिला नाही. ७ वाजून ५० मिनिटांनी बाहेर पडले. दुसऱ्या कोणी घोड्या लाथेने पाडल्या असत्या आणि दोन मिनिटांत घर गाठले असते. मी वाद्ये बिघडवायला गेले आणि लावून आले. प्रोग्रॅमला हे कळणार नाही, हे मला सहाव्या वाद्यापाशी सुचले होते. तरी थांबले नाही, हेही लिहा.

दाइन रोज साडेसातला सरावाला येते. माझे बूट दाराबाहेर होते. ते तिने पाहिले असणार. पाहिले नसतील तरी दहा वाजता पहिलाच सूर छेडताना तिला माझा हात कळला असणार.

यॉम साहेब म्हणाले, “म्हणजे पोरगी तुम्हाला पाठीशी घालत होती आणि आज तुम्ही तिला सोडवायला आलात.”

मी म्हणाले, “साहेब, मी आले ते तुम्ही बोलावलंत म्हणून.”

“मग आत्ता हे का सांगितलंत? सही केलीत की नोकरी गेली, कळतंय ना? वर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच.”

“कळतंय. पण हे काम तिचं नाही. पाचव्या तारेवर तिचा कान अजून केसभर वर जातो. अजून दोन-तीन वर्षं तरी तिला जमणार नाही. आणि सुआने नि त्या डबड्याने तर माझ्या सहीवर जागा, अनुदान, पोरगी, सगळं नेलं. हे काम नेऊ देणार नाही.”

मग यॉम साहेबांनी विचारले, प्यो सुआ यांना काही कळवायचे आहे का. मी सांगितले, नाही. मो दाइन हिचा या प्रकरणाशी संबंध नाही आणि तिचे पत्र २० जूनपूर्वी मिळावे, एवढे विभागाला कळवावे.

हा जबाब मला दुपारी १ वाजून २० मिनिटांनी सावकाश वाचून दाखवला, मी तो ऐकला, आणि तो मी सांगितला तसाच आहे. फक्त ‘अर्धा स्वर खाली’ यापुढे लेखनिकांनी आपल्या मनाने ‘अंदाजे’ असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला आहे.

सही व अंगठा, तक यंगरान
समक्ष, निरीक्षक यॉम