चष्मेवाल्याने लिहिलेला पाचवा फाऊल

मी, खाली सही करणारा, वय ५३ वर्षे, धंदा डोळे तपासणे व चष्मे करून देणे, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, आज रविवार रोजी दुपारी पावणेदोन वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. माझे साडू, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वय ५८, हे आमच्या भागातील बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक आहेत. पुढे त्यांचा उल्लेख 'साडू' असाच केला आहे. आमच्या घरात त्यांचा उल्लेख कसा होतो हे मला विचारण्यात आलेले नाही.

मी एकोणीस वर्षे या संघाच्या घरच्या सामन्यांत गुणलेखक म्हणून टेबलावर बसत होतो. टेबलावर बसणारा माणूस गुण लिहितो आणि कोणत्या खेळाडूचे किती फाऊल झाले तेही लिहितो. पाच फाऊल झाले की त्या खेळाडूने बाहेर जायचे आणि गुणलेखकाने भोंगा वाजवायचा. एकोणीस वर्षांत माझ्या कागदावर खाडाखोड झाली नव्हती.

गेल्या वर्षी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, आधीच्या शेवटच्या सामन्यात, तीन मिनिटे बाकी असताना, आमच्या सर्वांत उंच खेळाडूचा पाचवा फाऊल झाला. त्याला सगळे खांब म्हणतात. मी तो त्याच्या रांगेत लिहिला. त्या वेळी साडू टेबलाजवळ आले, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि हळू आवाजात काही बोलले. ते काय बोलले हे पुढे येईल. मी भोंगा वाजवला नाही. खांब खेळत राहिला, आम्ही जिंकलो, समोरच्या संघाने चित्रफीत दाखवून तक्रार केली आणि निकाल फिरला. आम्ही प्लेऑफच्या बाहेर गेलो.

साडूंनी लीगच्या समितीला सांगितले की गुणलेखकाची नजर अधू झाली आहे, आपण नात्याखातर आजवर सांभाळून घेतले. समितीने मला बोलावले नाही. मला टेबलावरून काढल्याची चिठ्ठी व्यायामशाळेच्या फळ्यावर लावली होती, ती मी चष्मा न लावता रस्त्यावरून वाचली.

माझा धंदा डोळे तपासण्याचा आहे हे वर नमूद आहे. चिठ्ठी लागल्यानंतर लोक दुकानाच्या दारात येऊन काचेतून आत बघायचे आणि पुढच्या चौकातल्या दुकानात जायचे. एका आजोबांनी मला विचारले, "तुम्हाला तरी दिसतंय का हो, की मी वाचून दाखवू?" बरोबरचे हसले. मीही हसलो. ही गोष्ट तक्रारीशी संबंधित नाही असे जबाब उतरवणाऱ्या हवालदारसाहेबांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे आहे की तेवढीच संबंधित आहे.

या वर्षी मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो. प्लेऑफच्या आधीचे अठराही सामने पाहिले. सोबत वही ठेवली आणि प्रत्येक मिनिटाला आमचे कोणते पाच खेळाडू मैदानात आहेत आणि गुण किती, एवढेच लिहीत गेलो. असे कोणी लिहीत नाही. सगळे कोणी किती गुण केले ते बघतात.

संघ या वर्षी बरा खेळत होता. त्यामुळे प्लेऑफ जिंकायचे तर नक्की कोण महत्त्वाचा, यावर सगळीकडे वाद होता. माझ्या दुकानातही रोज संध्याकाळी सहाला तोच वाद चाले, कारण दुकानात खुर्च्या भरपूर आणि गिऱ्हाईक कमी. शेजारचे औषधवाले यायचे, निवृत्त ड्रिल मास्तर यायचे, आणि आठवड्यातून दोनदा साडू यायचे. माझ्याशी त्यांचे काही बिनसले आहे असे ते कधीच मानत नसत. येताना म्हणायचे, "काय डॉक्टर, आज कोण आंधळा आला होता?"

साडूंचे मत, सगळे खांबावर उभे आहे. औषधवाल्यांचे मत, खांब नुसता उभा असतो, चेंडू त्याच्यापर्यंत नेतो तो भिंगरी, म्हणजे आमचा बुटका, चपळ खेळाडू. मास्तर रोज एकाची बाजू घेत आणि दुसऱ्या दिवशी सोडत, कारण त्यांना वाद संपलेला चालत नाही. औषधवाले म्हणाले की भिंगरीला एक दिवस ताप आला तर तुमचा खांब कपडे वाळत घालायच्या कामाचा. त्यावर साडूंनी तीन दिवस त्यांच्या दुकानातून गोळ्या घेतल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, साडूंनी सांगितले की वीस तारखेपर्यंत प्रत्येक संघाला एक खेळाडू अदलाबदल करता येतो. पुलापलीकडच्या संघाकडे एक धिप्पाड गडी रिकामा बसला आहे, तो खांबाच्या जोडीला आणायचा आणि बदल्यात कोणीतरी द्यायचा. कोणाला द्यावे, असे त्यांनी सगळ्यांना विचारले. मलाही विचारले.

मी वही काढली. मी सांगितले की खांबही नाही आणि भिंगरीही नाही. चौदा नंबरचा जो आहे, जो लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो आणि ज्याला सगळे मुका म्हणतात, तो आपला खरा खेळाडू. सामन्यात चार गुण करतो, पण अठरा सामन्यांत तो मैदानात असतानाचा हिशेब धरला तर आपण १४१ गुणांनी पुढे आहोत आणि तो बाकावर असतानाचा धरला तर ९६ गुणांनी मागे. समोरच्याचा सर्वांत चांगला माणूस तो अडवतो, आणि ते कोणाला दिसत नाही. मी स्पष्ट शब्दांत म्हणालो, "कोणालाही द्या, मुक्याला देऊ नका."

साडूंनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि मास्तरांना म्हणाले, "याला पाच फाऊल मोजता येत नाहीत, हा मला हिशेब शिकवतोय." सगळे हसले. चौदा तारखेला त्यांनी मुक्याला देऊन टाकले.

हवालदारसाहेबांनी येथे विचारले की माझे ऐकले जाणार नाही हे मला आधी माहीत होते काय. त्यावर माझे उत्तर असे की माझ्या लग्नाला तेवीस वर्षे झाली. या तेवीस वर्षांत मी त्यांच्या घराला पांढरा रंग सुचवला तेव्हा साडूंनी पिवळा लावला. मी दक्षिणेकडची खोली घ्या म्हणालो तेव्हा त्यांनी उत्तरेकडची घेतली आणि आजवर तिथे कपडे वाळत नाहीत. मी म्हणालेले त्यांनी एकदाही केलेले नाही. हे मला माहीत होते. मी खोटे काहीच सांगितले नाही. जे खरे होते ते मोठ्याने, तीन माणसांदेखत, वहीतला आकडा दाखवून सांगितले. ते कशासाठी सांगितले, हा माझा आणि माझ्या उशीचा प्रश्न आहे.

काल शनिवारी प्लेऑफचा पहिला सामना झाला. योगायोगाने समोर पुलापलीकडचा संघ आला. मी सहाव्या रांगेत बसलो होतो. मुक्याने दोन गुण केले. खांबाला त्याने पूर्ण सामन्यात सातच गुण करू दिले. आपला धिप्पाड गडी नऊ मिनिटांत दमला. आम्ही अकरा गुणांनी हरलो. सामना संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त साडूंनी वर पाहिले तेव्हा मी चष्मा काढून पुसत होतो. पुसायला दोन मिनिटे लागली.

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी दुकानात एका बस चालवणाऱ्या बाईंचे डोळे तपासत होतो. त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम होती. औषधवाले बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत होते. साडू आत आले आणि दार लावून घेतले. पुढील बोलणे झाले तसे लिहावे अशी माझी विनंती आहे.

साडू म्हणाले, "तू मुद्दाम केलंस."

मी म्हणालो, "मी तर देऊ नका म्हणालो होतो."

"म्हणूनच तर दिला."

"भाऊ, मग यात माझी चूक कोणती? खरं सांगितलं ही?"

यावर त्यांनी तपासणीच्या भिंगांची पेटी जमिनीवर आपटली. नंतर खुर्ची उचलून फ्रेम ठेवलेल्या काचेच्या कपाटावर टाकली. काच फुटून माझ्या उजव्या हाताला लागली. तीन टाके पडले आहेत. औषधवाले त्यांना धरायला उठले, पण त्यांच्या हातातला पेपर सुटत नव्हता.

मी जागेवरून हललो नाही. मी म्हणालो, "मला दिसत नाही, हे तुम्हीच समितीला सांगितलंत. आंधळ्याच्या वहीवर एवढं काय चिडता?"

साडू म्हणाले, "दिसतं तुला. सगळं दिसतं. तो पाचवा फाऊलसुद्धा तू बरोबर लिहिला होतास, मीच तुला आठ नंबरच्या नावावर घालायला लावला."

हे वाक्य औषधवाल्यांनी ऐकले. बाईंनीही ऐकले. बाईंनी तपासणीच्या फ्रेममधूनच साडूंकडे पाहिले आणि म्हणाल्या की आता स्पष्ट दिसतंय. भिंग बरोबर लागले होते.

वर जे पुढे येईल म्हणालो ते आता सांगतो. गेल्या वर्षी टेबलावर हात टेकून साडू म्हणाले होते, "आठ नंबरचा धर. घरचा माणूस आहेस ना?" मी खांबाच्या रांगेतली खूण खोडली आणि आठ नंबरच्या रांगेत केली. एकोणीस वर्षांतली ती पहिली खाडाखोड. पेन माझे होते आणि हातही माझाच होता. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही, पत्नीलाही नाही.

साडूंनी या ठाण्यात माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे की मी बरोबर सल्ला देऊन त्यांची दिशाभूल केली. हा अर्ज कोणत्या कलमात बसवायचा याबद्दल ठाण्यात अर्धा तास चर्चा झाली. मग ती खांब की भिंगरी या वादावर गेली. दोन शिपाई अजून बाहेर त्यावरच बोलत आहेत.

माझी तक्रार कपाटाबद्दल नाही, हाताबद्दलही नाही. साडूंचे वरील वाक्य जसेच्या तसे, तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांसह नोंदले जावे, एवढीच आहे. त्याच्या तीन नकला मला हव्यात. एक लीगच्या समितीला, एक व्यायामशाळेच्या फळ्यासाठी आणि एक सासऱ्यांकडे, कारण ते अजून थोरल्या जावयाला वरच्या पाटावर बसवतात.

हवालदारसाहेबांनी मला समजावून सांगितले की फाऊल कोणाच्या नावावर घातला हे मी स्वतः कबूल केले, तर समिती मला पुन्हा कधीच टेबलावर बसू देणार नाही. हवे असल्यास तेवढा भाग गाळता येईल. मी नाही म्हणालो. तो भाग गाळला तर साडूंचे वाक्य लटकत राहते, आणि ते जमिनीला टेकलेले मला हवे आहे.

दुपारी अडीच वाजता पत्नी ठाण्यात आली. तिने ताईंचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, निरोप आणला की साडू माफी मागायला तयार आहेत, घरातल्या घरात, आणि मिटवून टाका. मी नकार दिला. मग तिने बाकावर बसून वरील जबाब वाचला. खाडाखोडीच्या भागापाशी ती थांबली. ती म्हणाली, "वर्षभर लोक डोळे गेले म्हणत होते. आता खोटं लिहिणारा म्हणतील. काय मिळवलंत?"

मी तिला सांगितले, "खोटं लिहिणाऱ्याकडे लोक चष्मा करायला येतात."

ती उठून बाहेर गेली. बाहेरच्या बाकावर बसली आहे की घरी गेली, हे मला इथून दिसत नाही.

माझा हा जबाब मी सांगितला तसा उतरवला आहे. तो मला मोठ्याने वाचून दाखवला, साडूंचे वाक्य माझ्या सांगण्यावरून दोनदा वाचले, आणि तो बरोबर आहे. उजव्या हाताला पट्टी असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. ती वाकडी असली तरी माझीच आहे.