रबरी सोल

— चिकटवून देतो, देतो म्हटलं ना! पण ह्याला बूट म्हणू नकोस, पोरी. बूट आम्ही करायचो इथे मारिकिनात, अख्खं गावच चांभारांचं — कातड्याचे, टाचेला लाकूड. हे खेळाचे. मैदानात घाला, कोण नको म्हणतंय? पण बँकेत हेच, कचेरीत हेच, परवा चर्चमध्ये नवरी हेच घालून उभी — पांढऱ्या झग्याखाली! अन् पाद्री हसतोय! गल्लीतली सगळी दुकानं बसली ती अशी, आणि मी काय करतो? ह्यांचेच सोल चिकटवतो... ते काचेतले काळे? छे, विकायचे नाहीत. माझ्या लेकीसाठी, निंगसाठी केले होते, ती कॉल सेंटरला लागली तेव्हा. हसली. म्हणाली, ‘‘बाबा, फोनवर माझे पाय कोणाला दिसणारेत?’’ — अन् गेली असलेच रबरी घालून. रात्रपाळी. पहाटे यायची, जिना चढायची, मी जागाच — पण चाहूल म्हणून नाही. सकाळी भाताची ताटली धुतलेली दिसली की समजायचं, आली.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने गेली. मैत्रिणींनी शवपेटीत तिला तेच रबरी बूट घातले, तिच्या आवडीचे म्हणून. माझी मेहुणी सेपा ओरडली, ‘‘काढा ते आधी! बुटांसकट पुरलं तर माणूस घरात फिरतं, पावलं ऐकू येतात.’’ सगळेच काढतात, तुझ्या आजीचेही काढले असतील — काढले ना? मी म्हटलं, राहू दे गं, त्यांना कुठे आवाज आहे! सगळ्यांना वाटलं, म्हातारा अजून बुटांवर चिडलाय. चिडलो होतोच! पण — फिरू दे ना तिला घरात, कोणाचं काय जातंय? हे बाहेर बोलू नकोस हं, सेपा जीव घेईल माझा. आणि आता? येत असेल. रोज येत असेल! जिन्यावर, इथे दुकानात — मागे वळून काय बघतेस? — मला कळणार कसं? ते काळे घातले असते तर पहिल्या पायरीलाच कळलं असतं मला. त्या दिवशी सुचलंच नाही, समोर काचेत होते तरी. भात वाढून ठेवतो, सकाळी तसाच असतो. म्हणजे आली नाही? की भूक नाही तिला?... अशी बघू नकोस माझ्याकडे. घे, चिकटला. उद्यापर्यंत पाणी लागू देऊ नकोस. जा आता. — नाही, दार लावू नकोस.