विमानाची कडी

विमानाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, पण हसायचं नाही.

वालीवला माझं छोटं वर्कशॉप आहे, तुम्हाला माहीतच आहे. विमानातल्या संडासाच्या दाराला कडी असते ना, तिची स्प्रिंग आम्ही बनवतो. तेवढ्या जोरावर मी लग्नाकार्यात 'आम्ही विमानवाले' म्हणून मिरवतो.

परवा कामणहून मेहुणा जेवायला आला. त्याने सहज विचारलं, "भावोजी, विमानं बनवणाऱ्यांना विमानं वेळेवर का देता येत नाहीत?"

झालं, मी सुटलोच. "अरे, ऑर्डरींचा ढीग पडलाय, पण इंजिन आलं तर सीट नाही, सीट आली तर कडी नाही. एका कडीसाठी अख्खं विमान उभं राहतं! पुढची कित्येक वर्षं आमच्याशिवाय त्यांचं पान हलणार नाही."

एवढं ऐकवून मी ऐटीत बाथरूममध्ये गेलो आणि दार लावलं. बाहेर यायला बघतो तर कडी अडकलेली. ओढली, ठोकली, ढिम्म हलेना. शेवटी ओरडलो, "अगं, दार उघड!"

बायको बाहेरून शांतपणे म्हणाली, "गणपतीपासून सांगतेय, ही कडी बदला. आता पार्ट येईपर्यंत राहू दे विमान उभं."