खिडकीजवळची जागा

नाही, मूठ नाही उघडत, केशवकाका. तुम्ही डोकं पाहा. डोकं तुमचं, मूठ माही. आगी देणाऱ्यानं दहा दिवस लोखंड अंगावेगळं करू नाही म्हणतात ना — तुम्हीच तर सांगत फिरता साऱ्या आसगावले — मग आता शेवटच्या घडीले तुम्हीच म्हणता, ठेव खाली? लोखंडाले गुंडाळलेला कपडा ओला होते तर होऊ द्या. लावा पाणी. थंड आहे बाप्पा वैनगंगा! दादा असता तर म्हणला असता, चला, इश्वऱ्याच्या डोक्याच्या आत काही नव्हतंच, आता वरूनही सफाई झाली. तुमच्यावर तर त्याचा भल्ला डोळा होता. केशवकाकाचा वस्तरा, म्हणे, केसं कापत नाही, नुसता दाखवतात — केसं आपोआप पळून जातात. हसा ना. हसायले काय हरकत आहे? तिकडं काठावर सारे तोंडं पाडून बसले आहेत. आमचा टेकचंददादा वरून पाहून राहिला असेल तर विचारत असेल, कोण मेलं रे बाप्पा?

अन् वस्तऱ्यावरून आठवलं — हा वस्तरा घेऊन तुम्हाले विमानात बसू देत नाही, ठाऊक आहे का? उद्या तुमच्या मनात आलं तर? सांगून ठेवतो. अख्ख्या आसगावात दोघंच विमानात बसले, एक दादा अन् एक मी, अन् मी आलो तेव्हा दोघं संगच आलो — तो लोट्यात अन् मी खुर्चीवर.

दादाचं विमान वेगळं होतं, काका. सत्त्याहत्तर साली गेला तो मस्कतले, वेल्डर म्हणून. मी बारा वर्षांचा. आईनं निघताना त्याच्या खिशात बाबाचा सरोता घातला, सुपारी कातरायचा, पितळी मुठीचा — परक्या मुलखात अंगावर लोखंड पाहिजे, म्हणे, नजर लागत नाही. तर बंबईच्या विमानतळावर एक शिपाई, जांभया देऊन राहिलेला. त्यानं दादाचे खिसे चाचपले — तपासणी म्हणजे एवढीच, दोन खिसे — अन् सरोता हाताले लागला. ये क्या है? दादा म्हणते, सुपारी कातरतो, साहेब. शिपाई म्हणते, है क्या सुपारी? है. मग तिथंच उभ्याउभ्या कातरली, अर्धी शिपायाले, अर्धी आपण, मागं लाईन थांबलेली, एक शेठ ओरडून राहिलेला — अन् शिपायानं सरोता आपल्या बाहीले पुसून दादाच्या खिशात ठेवून देल्ला. विमानात म्हणे एकानं लोणच्याची बरणी मांडीवर घेतली होती अन् एकानं स्टोव्ह नेला होता, घासलेटासकट. आता दादाचं अर्धं खोटं असते — असे — असायचं. पण अर्धं तर खरं ना? दोन वर्षांनी परत आला, तर घरी जो येईल त्याले हाच किस्सा. अन् मले एकट्याले वरून एक सल्ला — इश्वऱ्या, कधी बसलास तर खिडकीजवळची जागा मांग. बाकी काही मांगू नको, खिडकी मांग. बसवतो तुले एक दिवस. हाव, बसवलं ना. बोलला ते केलं.

कान सांभाळा. तेवढाच एक धड आहे.

मग यंदा तार आली. बंबईले कंपनीत होता ना तो, मस्कतवरून आल्यापासून. मले वाचता येत नाही बरोबर, चवथीत दोनदा बसलो अन् उठलो — पोस्टमननंच वाचली, अन् वाचतावाचताच सायकलीवर बसून निघाला, त्याच्यावरून कळलं काय आहे ते. कावीळ. आठ दिवसांत. कळवलं काहून नाही, म्हणलं त्याच्या खोलीतल्या लोकांले, तर म्हणे तोच नको म्हणत होता, आई घाबरते म्हणून. वरठीले गाडी पकडली, पोचलो, तर तो दवाखान्याच्या तळघरात, पायाच्या अंगठ्याले चिठ्ठी बांधलेली, जशी सामानाले बांधतात. इतका पिवळा, काका. हळदीचा नवरदेव. लग्नाचं विचारलं की पळायचा, अन् शेवटी हळद लावूनच बसला. बाबा नाहीत, बायको-लेकरू नाही, आगी मीच देल्ली, आणखी कोण देणार? त्याच्या पेटीत सरोता सापडला, तोच लोखंड म्हणून कमरेले बांधला. अन् त्याच्या साहेबाचा कोणी माणूस नागपूरले येणार होता विमानानं, त्याचं राहिलं, ते तिकीट साहेबानं मले देल्लं. तिकिटावर नाव कृष्णराव काहीतरी. कोण पाहाते? तिकीट ज्याच्या हातात तो कृष्णराव.

तर मी दादाच्या भरवशावर गेलो. वाटेत दोन सुपाऱ्या पण घेतल्या — एक माही, एक शिपायाची. गेलो तर कुठचा जांभई देणारा शिपाई! मधल्या काळात लोकांनी दोनतीन विमानं पळवली ना, तवापासून सारे वाघ होऊन बसले आहेत. एक चौकट उभी केली आहे — भिंत नाही, घर नाही, नुसती दाराची चौकट — तिच्यातून जायचं, अन् अंगावर लोखंड असलं का ते बोंबलते. माह्यापुढच्या म्हाताऱ्याच्या रेडिओतले सेल काढून घेतले. एक बाई विणायच्या सुयांसाठी भांडून राहिली, अर्धं स्वेटर हातात घेऊन. अन् मी — कमरेले सरोता, हातात तांब्याचा लोटा — अशी बोंबलली ती चौकट, जसा काही मी तिले चावलो. शिपाई म्हणते, लोटे में क्या है? म्हणलं, भाई है. कौन भाई? म्हणलं, बडा भाई. त्यानं हातातली दांडी लोट्याजवळ आणली, तर दांडी कुईं कुईं. जिता होता तवा कुठं गप्प बसला नाही, मेल्यावरही वाजून राहिला! फडकं सोडायले लावलं. आत पाह्यलं त्यानं. मागं सरकला, टोपी सारखी केली. मग फडकं त्यानंच बांधलं, आपल्या हातानं, माह्यापेक्षा चांगली गाठ मारली. माणूस वाईट नव्हता, खोटं कायले बोलू? पण मग त्याचा हात माह्या कमरेवर गेला. सरोता निघाला. मी झटकन सुपारी काढली अन् धरली त्याच्यापुढं. त्यानं सुपारीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. पागल है क्या? म्हणलं, सत्त्याहत्तरले चालत होतं. मागची सारी लाईन हसली, काका. अन् हिसकावून घेतला त्यानं. मी काय करणार? चार जण होते ते, बंदुकवाले —

वस्तरा काहून थांबवला?

मुठीत? मुठीत सरोताच आहे. म्हणजे — आता सांगलं ना तुम्हाले. नाही, अर्धं डोकं झालं आहे, असं नका ठेवू, लोकं पाहून राहिले. काका. ऐका. आल्याआल्या आईनं दुरूनच विचारलं, लोखंड होतं ना रे अंगावर? मी म्हणून गेलो, दादाचाच सरोता. तोंडातून निघून गेलं. म्हणे बरं झालं, दहाव्याले माह्या हातात दे. आगी देणाऱ्याले कोणी शिवत नाही म्हणून चाललं इतके दिवस, कपड्यात काय आहे कोण पाहाते? पण आता आंघोळ झाली का ती हात पुढं करणार. तिकडं बसून वाट पाहून राहिली — लोट्याची नाही, माही नाही, सरोत्याची. म्हणून म्हणतो, तुम्ही सांगा का ते लोखंड न्हाव्याचं असते. रीत आहे म्हणा. तुम्ही म्हणलं का रीतच होते! एवढा खोटेपणा करा माह्यासाठी, जन्मभर तुमच्याच हातून डोकं खराब करून घेईन.

असे पाहू नका.

बरं, हिसकावला नाही. हाती मागितला. पण तिकिटावर नाव कृष्णराव, मी इश्वर — जास्त बोललो असतो तर नाव विचारलं असतं, गाव विचारलं असतं, पकडून बसवलं असतं, अन् दादा लोट्यात तिथंच टेबलावर. भ्यालो मी. भ्यायले नाही पाहिजे का? एवढ्या मोठ्या —

नाही. तेही नाही.

पाणी लावा ना, सुकून राहिलं.

त्यानं बाजूले घेतलं मले. हिंदीत समजावलं, हळू. का हा वर नेता येत नाही. टोपलीत टाक, नाही तर हे तिकीट सोड अन् रेल्वेनं जा, लोटाही राहील, सरोताही राहील. म्हणे, भाई की चीज है, सोच ले. दोन मिनट. अन् तोंड फिरवून उभा राहिला, का मले लाज वाटू नाही म्हणून. काचेतून विमान दिसून राहिलं होतं. पांढरं. पायऱ्या लावलेल्या. दोन मिनिटं देल्ली त्यानं मले, काका, अन् मले एकही नाही लागलं. टोपलीत कैच्या होत्या, चाकू होते, त्या बाईच्या सुया होत्या. त्यात टाकला. माह्याच हातानं. बाबाचा सरोता, आईनं देल्लेला, मस्कतले जाऊन आलेला. अन् पायऱ्यांवर मी पळत चढलो — चालत नाही, पळत — अन् वर उभ्या बाईले पह्यलं काय म्हणलं, तर खिडकीजवळची जागा.

भेटली.

अन् मले मजा आली. समजलं का तुम्हाले? तिनं गोळ्या देल्ल्या, मी मूठ भरून घेतल्या. कापूस देल्ला, तो कानात घातला. जेवण आलं, ते पुरं खाल्लं, सुतकात, शेजाऱ्यानं ठेवलेला मिठाईचा तुकडाही खाल्ला. लोटा खिडकीजवळ धरला, म्हणलं पाह्य रे. लोट्याले काय दिसते? पण धरला. विमान वळलं तर मी हसलो, मोठ्यानं, सारे पाहू लागले. दादाले जाळून दुसरा दिवस होता अन् मी हसून राहिलो होतो. अन् नागपूर आलं तवा आठवलं का अंगावर लोखंड नाही. तर हा — उघडतो, घ्या, पाहा — हा चमचा उचलला. जेवणाचा. स्टीलचा आहे, पण स्टील म्हणजे लोखंडच ना? वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यातला कोणीही सांगेल. दहा दिवस सारं गाव माह्या कमरेले हात जोडून राहिलं, अन् आत चमचा.

हसले? हसले ना तुम्ही! दात दिसले. हसा, दादा तर लोळला असता. पण मले हे सांगा — हसता हसता सांगा — आता तिकडं पिंड ठेवतील, अन् कावळा नाही शिवला तर? साऱ्यांले वाटेल टेकचंदचं लग्नात मन राहिलं. मले माहीत राहील कशात राहिलं. त्या टोपलीत. ह्या तोंडानं मी काय म्हणू कावळ्याले, का बाप्पा, तिकडं जा, बंबईले?

नाही म्हणता? खोटं नाही बोलणार? मग वस्तरा तरी उचला. एवढा सच्चा न्हावी माह्याच नशिबी यायचा होता — दाढी उधार कापता तवा —

उठली ती. इकडंच येऊन राहिली. आंघोळ व्हायची आहे, आताच काहून येऊन राहिली? काका, मूठ बंद करू का? काका. सांगा ना. बोला काहीतरी, दहा दिवस गावात मीच बोलून राहिलो —

आई, थांब तिथंच. ओलं आहे, घसरशील. नाही, अजून झालं नाही, अर्धंच झालं. दिसतो वाईट तर दिसू दे. आई — तो सरोता नाही हा. चमचा आहे. विमानातला. सरोता मी देऊन आलो, बंबईले, कोणी हिसकावला नाही, मीच टाकला. रेल्वेनं आलो असतो तर राहिला असता. मले बसायचं होतं.

मार ना. मार, इथं, ज्या बाजूनं साफ झालं तिकडं मार.

काय?

हाव. भेटली होती. खिडकीचीच. दादा बोललाच होता ना, तीच मांग म्हणून.

दिसलं ना. रस्ता दिसला, त्याच्यावर एक बैलबंडी, मुंगीएवढी, अन् बैलानं शेपूट हलवली, तुही शपथ, दिसली मले. नाही, दादासारखं नाही, खरंच. बरं, शेपूट नाही दिसली. बंडी दिसली.

घे. तुह्याच हातात घे. जरा गरम आहे, मुठीत होता.

काका, चालवा वस्तरा. पुरं करून टाका. मी नाही बोलत आता.