बोटाएवढा मुकादम

...आणि वर मलाच विचारतात, 'एवढं चिडायला काय झालं?' अहो, एका सरड्याचा एक फोटो काढायचा होता! एक सरडा, एक फोटो! आणि तेवढ्यासाठी मी त्या कॅमेऱ्याच्या दुकानाच्या पायऱ्या इतक्या झिजवल्यात, की मला बघितलं की दुकानदार आपणहून पंखा लावतो, स्टूल पुढे सरकवतो आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते वाक्य म्हणतो. कुठलं वाक्य? थांबा, सांगते. त्या वाक्यानं माझं वाटोळं केलंय!

तर आमच्या इमारतीच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. दगड, गवत, मुंग्या, नाकतोडे, भुंगे... माझ्या दृष्टीनं स्वर्ग, सोसायटीच्या दृष्टीनं पार्किंग. मी चार बुकं शिकायला लांब गेले होते, कीटक आणि सरपटणारे प्राणी हाच विषय, आणि परत आले ती ठरवूनच, की शिकलेलं आपल्या दारात वापरायचं. आणि दारात काय? पाटी! 'येथे फरशा बसवून पार्किंग करण्यात येईल.' आणि त्या पाटीशेजारच्या दगडावर हा बसलेला. शेपूट सोडली तर माझ्या बोटाएवढा सरडा! गळ्याखाली निळी पिशवी. ती पंख्यासारखी उघडायची, मिटायची, मग चार जोर मारायचे आणि खालच्या मुंग्यांच्या रांगेकडे असं बघायचं, जणू हजेरी घेतोय. मी त्याचं नावच ठेवलं, मुकादम.

गेले अध्यक्षांकडे. आमचे अध्यक्ष निवृत्त आहेत, म्हणजे नोकरीतून, बोलण्यातून नाही. म्हणाले, 'बाळा, तिथे धुळीशिवाय काही नाही. असेल तर महिनाअखेरच्या सभेत दाखव. दिसलं, तर जागा सोडू. माझा शब्द!'

हा शब्द लक्षात ठेवा हं.

मोबाइलनं फोटो काढला. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला... 'सुकलेलं पान छान आलंय.' पान! माझा मुकादम पान!

म्हणून ते दुकान. म्हटलं, 'सरडे आणि किड्यांचे फोटो काढायचेत.' 'मग हा घ्या ताई! यात चेहरा उजळ येतो, सुरकुत्या जातात.' 'अहो, मला खवले दिसायला हवेत, खवले!' 'खवलेसुद्धा गुळगुळीत करतो!' कपाळ माझं! दुसरा काढला. 'हा डोळा ओळखतो. माणसाचा, कुत्र्याचा, मांजराचा, पक्ष्याचा...' 'सरड्याचा?' त्यानं कॅमेरा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणतो, 'पक्षी समजून काढा.' शेवटी मीच एक शोधला, हलका, मागचा पडदा वर वळणारा, म्हणजे कॅमेरा जमिनीला टेकवला तरी मान न मोडता दिसेल. माझी लाडकी सायकल त्यापायी विकली. सोबत एक छोटी मॅक्रो लेन्स. 'मुंगीच्या मिशा मोजा,' म्हणाला.

मोजल्या! मुंगीच्या मिशा मोजल्या, नाकतोड्याच्या तंगडीवरचे काटे मोजले. पण त्या लेन्सला वीतभर अंतरावर जावं लागतं. मुंगी येऊ देते हो जवळ, तिला कामं असतात. मुकादम येऊ देईल? मी पोटावर सरपटत, नाकानं माती उकरत त्याच्यापर्यंत पोचणार, लेन्सची सावली त्याच्या डोक्यावर पडणार, आणि हा सटकन गायब! तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारतात, 'काय हरवलंय का गं?' डोकं! डोकं हरवलंय, काकू!

परत दुकान. 'लांबून काढायचाय होय? मग आधी नाही का सांगायचं! त्यासाठी वेगळी लेन्स येते.'

हे. हे ते वाक्य.

घरी बाबा तयारच. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आमच्या लेकीची धाव दुकानापर्यंत!' आणि आई? 'तिकडे एवढी वर्षं शिकलीस, त्यात लेन्स शिकवली नाही का?'

आधीची परत दिली, लांबून चालणारी मॅक्रो घेतली. आणि काय सांगू, फोटो आला! खवला न् खवला! पिशवीची ती निळाई, डोळ्यात आभाळ! मी तिथल्या तिथे नाचले, काकूंनी खिडकी लावून घेतली. धावत अध्यक्षांकडे. 'वा! सुरेख! पण बाळा... हा आपल्याच मागचा कशावरून?' 'म्हणजे?' 'मागे काही दिसतच नाही. नुसतं हिरवं दूध. सरडे काय, नेटवर पुष्कळ असतात.' आता बोला! मागचं धूसर होतं म्हणूनच तर सरडा उठून दिसतो, त्यासाठीच तर लोक जीव टाकतात या लेन्सवर! पण नाही. यांना सरडाही दिसला पाहिजे, इमारतही दिसली पाहिजे.

दुकान. पंखा. स्टूल. 'काका, सरडा आणि इमारत एकाच...' 'त्यासाठी वेगळी लेन्स येते!'

ही वाइड. हिच्यात सगळं मावतं, फक्त सरड्याच्या नाकाला नाक लावावं लागतं. मग मी काय केलं, कॅमेराच गवतात दगडाला खेटून ठेवला, स्वतः जिन्यात जाऊन बसले आणि मोबाइलवरून बटण. मुकादमाला कॅमेऱ्याचं काहीच वाटेना, त्याचं वाकडं फक्त माझ्याशी! आला, दगडावर चढला, लेन्समध्ये डोकावला, पिशवी उघडली... खटक! खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पुढे मुकादम, मागे अख्खी इमारत, आणि तिसऱ्या मजल्यावर अध्यक्षांच्या गॅलरीत वाळत घातलेलं त्यांचं भोक पडलेलं बनियन! आता म्हणा, ही जागा आपली नाही म्हणून!

सभा. भिंतभर फोटो लावला. सगळ्यांच्या माना वर. मला वाटलं, मुकादमा, जिंकलो रे आपण! आणि काकू किंचाळल्या...

'अगं बाई! एवढं धूड आपल्या मागे राहतं?'

कारण त्या लेन्समधून जवळचं दिसतं राक्षसाएवढं आणि लांबचं काडेपेटीएवढं! मुकादमाचं डोकं दुसऱ्या मजल्यापर्यंत, शेपूट पार फाटकाबाहेर! मी बोट नाचवत ओरडतेय, 'अहो, एवढासा आहे तो! एवढासा!' अध्यक्ष म्हणतात, 'मग फोटो खोटा?' 'नाही, खरा!' 'खरा असेल तर प्राणी एवढा आहे. खोटा असेल तर प्राणीच नाही.' टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या! रंग बदलायचं नाव मात्र सरड्याचं. माझा मुकादम जन्मभर एकाच दगडावर बसलाय, आणि 'तिथे धुळीशिवाय काही नाही' म्हणणारा माणूस घोटभर पाणी पिऊन म्हणतो, 'मी पहिल्यापासून सांगतोय, तिथे धोका आहे! फरशा याच आठवड्यात!'

मी टेबलावर हात आपटला. 'शब्द दिला होता तुम्ही! दिसलं तर जागा सोडू म्हणून!' आणि मागून बाबा उठले. हो, तेच, कुंपणवाले बाबा! 'दिसलंय सगळ्यांना. इतकं दिसलंय, की घाबरलात. आता शब्द पाळा.'

मग काय ठरलं? फरशा पुढच्या सभेपर्यंत थांबल्या. तोवर मी सिद्ध करायचं, की प्राणी आहे, इथलाच आहे, आणि लहान आहे. काय म्हणता? शेजारी काडेपेटी ठेवायची? ठेवली! काढला तोही फोटो! अध्यक्ष म्हणाले, 'ही ट्रंक कुणाची?'

म्हणून आज सकाळी पुन्हा दुकान. एका दमात सांगितलं, 'मुकादम हवा, इमारत हवी, बनियन नसलं तरी चालेल, पण मुकादम बोटाएवढाच दिसायला हवा!' आणि दुकानदार गप्प. पहिल्यांदाच! पंख्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, डोकं खाजवलं. म्हटलं, सुटले! याच्याकडचं सगळं संपलं. पिशवी उचलली, दारापर्यंत गेले... आणि मागून, अगदी हळू आवाजात...

'ताई, त्यासाठी...'

परत येऊन स्टुलावर बसले. म्हटलं, 'दाखवा.'