बेसुरांचा खेळ

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत आजोबांनी पुस्तक उघडलं होतं, पण कान शेजारच्या दोघी बहिणींकडे होते. थोरली चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि रविवारी तरुण मंडळाचे खेळ तीच घेणार होती.

"एकानं शब्द द्यायचा, दुसऱ्यानं त्यावर लगेच ओळ रचून गायची."

"छान आहे की, ताई."

"छान कसलं! सुताराचा मुलगा येणारच नाही म्हणतोय. आवाज फुटलाय ना त्याचा. मागच्या वेळी सगळे फिदीफिदी हसले."

"मग गाणं काढून टाक."

"गाण्यावर जीव आहे गं पोराचा! म्हणून नियमच उलटा केलाय. ओळ बेसूर गायची. जो सुरात गाईल तो बाद."

"अगं बाई! आणि पहिली ओळ कोण गाणार?"

"मी."

"तू? तुझ्या सुराला सगळे मान देतात!"

"म्हणून तर. माझ्यावर पोटभर हसून झालं की त्याला कोण हसेल?"

धाकटीनं कौतुकानं ताईचा हात दाबला.

"पण मला बेसूर जमेचना. तूच शिकव. तुला उपजत येतं."

"वा! अखेर माझ्या गळ्याचं चीज झालं. हा घे शब्द: 'चिमणी'. मोठ्यानं हं, लाजायचं नाही."

थोरलीनं डोळे मिटले आणि जीव खाऊन ओळ सोडली. आजोबांच्या हातून पुस्तक पडलं. आतून नर्स धावत आली.

"कोणाला एवढं दुखतंय?"

"जमलं, ताई! आता त्या पोराला खुशाल बोलाव."