नासिर उस्तादांची पोटली आणि शगुफ्ताची पाटी

— नाही अतिका, शिऱ्याची ताटली अशी सरकवू नकोस, भांडण तुझं माझ्याशी आहे, शिऱ्याशी नाही. आणि पुन्हा म्हण बरं, काय म्हणालीस? माझी नात दिवसभर लोकांना विचारत हिंडते, हे काय काम झालं? झालं, कामच झालं, आणि दारावर पाटी आहे त्या कामाची — शगुफ्ता शेख, ज्ञान व्यवस्थापक. मी स्वतः रिक्षा करून बघून आले, चष्मा पुसून दोनदा वाचली, वॉचमनलाही वाचून दाखवली. तो म्हणाला, आजी, मला येतं वाचता. मी म्हटलं, तरी ऐक. आणि तू म्हणतेस ती नोकरी सोडली तर आत्ता मंगनीची साखर वाटू, तुझ्या लेकाचं, कलीमचंही तेच म्हणणं आहे — खोटं! कलीमने तर त्या पाटीजवळ तिचा फोटो काढला, स्वतःच्या फोनमध्ये — असू दे. हो, ओळखतात दोघं एकमेकांना. लग्नांच्या जेवणाच्या तुमच्या देगांसाठी मिरची घ्यायला तोच येतो ना तिच्या कंपनीत? पाव किलो लागली तरी येतो. मग तुला काय वाटलं, तुझ्या घरी हे स्थळ कोणी पाठवलं? मीच पाठवलं. जाऊ दे, मी काय सांगत होते —

काम काय, ते. आपल्या नंदुरबारची मिरची पथारीवर, उघड्या मैदानात पसरून सुकते, एवढं तर माहितीय तुला, सगळ्या गावाला शिंका येतात. तिथे सरलाबाई होती — मूठभर मिरची कानाजवळ हलवायची आणि सांगायची, आज भरा, ही राहू द्या. एक दिवस गेली ती सुरतला लेकीकडे राहायला, आणि त्या हंगामात ओली मिरची पोत्यात गेली, बुरशीने गोदाम पांढरं झालं. तेव्हा मालकाला सुचलं की माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर काहीतरी जातं, ते अडवायला कोणीतरी पाहिजे. शगुफ्ता ते अडवते. जुन्याला नव्याशेजारी बसवते, हात चालताना चित्रण करते, कोणाला काय येतं ते असं लावून ठेवते की मागितलं की सापडावं. सोपं वाटतं? लोक सांगतात का सहज? आपलं सांगून टाकलं तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती असते — तुला नको सांगायला. सुरुवातीला तर तिला खुर्ची नव्हती. वजनकाट्याशेजारी पोत्यावर बसायची, आणि हाक काय? ओ चौकशीवाली, काय करी ऱ्हायनी? आता पुण्यात याचं शिक्षण मिळतं, परीक्षा असते, मोठ्या कंपन्यांत त्याचं अख्खं खातं असतं, नाशिकला ही सगळी माणसं जमणार आहेत आणि तिथे हिचं भाषण आहे. हसू नकोस. लग्नात व्हिडिओवाला पहिल्यांदा आला तेव्हा तुझ्या सासऱ्यांनीच त्याला वाढप्यांबरोबर शेवटी जेवायला बसवलं होतं, आणि आज तोच व्हिडिओवाला हात वर करतो तेव्हा काझीसाहेबसुद्धा थांबतात. कामं अशीच मोठी होतात, बाई, आधी हसतात, मग खुर्ची देतात.

मला हे कोणी शिकवलं म्हणतेस? कोणी नाही. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. किराणावाल्या हिलालच्या बापाच्या दुकानातून पुड्या यायच्या, त्या कागदांवर वाचायला शिकले. बातमी नेहमी फाटलेली — माणूस निवडणुकीला उभा राहिला एवढं कळायचं, पडला की आला हे कळायला पुढची साखर संपावी लागायची. मी तर लवकर संपवायचे, मूठभर तोंडात टाकून. म्हणून मला ठाऊक आहे, अर्धं कळलेलं माणसाला कसं छळतं.

आणि तुलाही ठाऊक आहे. बस, उठू नकोस. तुमच्या घराण्यात पुलावाच्या मसाल्याची पोटली बंद दारामागे बांधतात, आणि आत काय घालायचं ते फक्त घरात आलेल्या सुनेला सांगतात, बरोबर? तुझे सासरे नासिर उस्ताद, त्यांची बायको आधीच गेली, आणि तुला आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत तेही गेले. मग म्हसावदचं लग्न आलं. सगळी पंगत तो पुलाव खाऊन गप्प होती, अतिका, मी होते तिथे, आणि पुलाव खाऊन माणसं गप्प बसली की काय समजायचं ते समजतं. त्यानंतर तू काय केलंस? हिलालला विचारलंस, उस्ताद काय काय न्यायचे. देग घासणारीला विचारलंस, पोटली सोडल्यावर खाली काय पडायचं. एकेक वस्तू माग काढून परत आणलीस, रडत रडत, आणि धंदा उभा केलास. मी मानते तुला. पण मग ते काय होतं? लोकांना विचारत हिंडणंच ना? तुला फक्त पाटी मिळाली नाही, आणि माझ्या नातीला मिळाली, म्हणून तुला — बरं, ते नाही बोलत.

अजून एक वस्तू कमी पडते, तेवढंच. पोटलीत. ती हिलालकडे मिळायचीच नाही, धडगावच्या बाजारात डोंगरातली भुरीबाई आणायची, पळसाच्या पानात बांधून —

अशी बघू नकोस. निघून गेलं तोंडातून. आता निघालंच आहे तर ऐक. तुझ्या सासऱ्यांचं पहिलं स्थळ मी होते. भिंतीला भिंत होती आमची. सगळं ठरलंय असं धरून त्यांनी होणाऱ्या बायकोला पोटली आगाऊ सांगून टाकली, वेडा माणूस, आणि मग त्यांच्या आईने मला नाकारलं — मुलगी पुड्यांचे कागद वाचत बसते, चूल कधी सांभाळणार? नाकारायला आलं त्यांना, पण सांगितलेलं परत कसं घेणार? मी कोणाला बोलले नाही. म्हसावदलाही नाही. माझ्या हातून बांधली गेली नाही तर कोणाच्याच हातून जाऊ नये, असं वाटायचं मला, आणि वाटलं तर वाटलं. मग शगुफ्ताने विचारलं. सरळ विचारलं, अतिका, समोर मांडी घालून — आजी, तुझ्याकडे असं काय आहे जे तुझ्याबरोबर जाईल? इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी इतकी हसले की उचकी लागली, आणि उचकी थांबल्यावर सांगितलं.

खा, शिरा गार होतोय. आणि घरी जाऊन कलीमला माझा निरोप दे — पोटलीतली ती वस्तू शगुफ्ताला ठाऊक आहे, ती तुझ्या घरी सून होऊन आली तर तिच्याबरोबर येईल, आणि शगुफ्ता रोज सकाळी साडेनऊला कामावर जाते.